सदाफुलीचा रस, आईची बोटं आणि ट्युब्युलिनवरची औषधं

आरवली_किनारा | १२ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. लांबलचक होईल, पण एकदाच नीट लिहिते.

आईला (वय ६१) स्तनाचा कर्करोग आहे. ऑपरेशन झालं, 'लाल औषधा'चे चार डोस झाले, आता दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल चालू आहे. बारापैकी आठ झाले. पहाटे वेंगुर्ल्याहून गाडी करून निघतो, रात्री परत.

सध्या आमच्याकडे सुरंगीचा हंगाम आहे. लग्न होऊन आल्यापासून आई सुरंगीचे वळेसर करते. परवा पडवीत बसली होती, मांडीवर केळीच्या सोपाचा दोर, पुढ्यात सुपात कळ्या. बोटांतून कळी निसटून पदरावर पडली आणि तिची बोटं तशीच रिकामी दोर गुंडाळत राहिली. मी सांगितल्यावर खाली बघितलं. म्हणाली, "कळी हातात आहे की नाही तां डोळ्यांनी बघूक लागता गो." ब्लाउजची हुकंही आता मी लावून देते.

दुसरी गोष्ट. शेजारच्या काकी गेले पाच दिवस तिला सकाळी सदाफुलीच्या सात पानांचा रस देतायत. मला काल कळलं. काकी मायेने करतायत, त्यांच्यावर राग नाही. "कॅन्सरचं औषध ह्याच झाडापासून काढतात," असं त्या म्हणतात, आणि ते खोटंही नाही.

तर प्रश्न दोन. औषध सदाफुलीतूनच येत असेल तर पानं का चालू नयेत? आणि गाठीवर दिलेलं औषध बोटांपर्यंत का पोचतं? हॉस्पिटलने दिलेल्या कागदावर केस, उलट्या, ताप सगळं होतं. बोटांबद्दल एक ओळ नव्हती आणि आठ आठवड्यांत कोणी विचारलंही नाही. ह्याचा मला फार राग आहे.

कुळीथपिठी | १२ मार्च, रात्री १०:०५

ताई, आधी कामाचं. रस आजच बंद. उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करून दोन्ही गोष्टी सांगा: बोटं बधिर आहेत आणि पाच दिवस रस घेतलाय. नवव्या डोसच्या आधी त्यांना हे कळलंच पाहिजे. बाकीचं सविस्तर उद्या लिहिते, आत्ता ड्युटीवर आहे. मी केमोची औषधं तयार करणाऱ्या विभागात फार्मासिस्ट आहे, मूळची देवगडची.

मालवणी_पेज | १२ मार्च, रात्री १०:३१

माझ्या बापाशीक पण ह्याच औषध होता. बोटां बधिर झाली, पायाची जास्त. चप्पल पायातसून सुटान मागे रवली तरी कळायचा नाय. औषध संपल्यावर सात-आठ म्हयन्यांनी बराच सुदारला. आवशीक धीर देवा.

रानवाटा | १२ मार्च, रात्री ११:१२

मी आंबोली भागातला. रस लगेच बंद करा म्हणणं मला पटत नाही. आपल्या आज्या-पणज्यांना झाडपाला माहीत होता म्हणून आजचे शास्त्रज्ञ त्या झाडांपर्यंत पोचले. आमच्या आजीला कळलावी ओळखता यायची, अडलेल्या बाईला कंद कसा लावायचा ते माहीत होतं. नावच बघा, कळा लावणारी. ज्ञान आपलं, आणि बाटलीवर नाव परक्या कंपनीचं. मग आपल्याच माणसांना सांगायचं की पान तोंडात घालू नका?

कातळफूल | १३ मार्च, सकाळी ७:५०

रानवाटा, तुमच्या म्हणण्यातला पहिला भाग मला मान्य आहे. सदाफुलीची गोष्ट तशीच आहे. १९५२ साली जमैकाहून सदाफुलीची पानं कॅनडात एका डॉक्टरांकडे आली. तिथे लोक मधुमेहावर त्याचा काढा पीत. त्या डॉक्टरांचे भाऊ रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर ह्यांनी उंदरांवर प्रयोग केले. साखर काही उतरली नाही, पण पांढऱ्या पेशी घसरल्या. त्यातून १९५८ साली व्हिनब्लास्टिन हे कर्करोगाचं औषध हाती लागलं. म्हणजे लोकांनी बोट दाखवलं ते झाड बरोबर होतं, पण त्यातलं कामाचं द्रव्य भलत्याच आजारावर निघालं. कोकणात आजही कितीतरी घरांत सदाफुली 'साखरेवर' खातात, त्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि ही आपल्या अंगणातली सदाफुली मुळात मादागास्करची.

आता ताईंचा दुसरा प्रश्न. मी पीएचडी ट्युब्युलिनवर केली (आता रत्नागिरीत शिकवतो), म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

पेशीच्या आत पोकळ नळ्या असतात, मायक्रोट्युब्युल्स. ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या जोड्या एकावर एक चढतात, अशा तेरा रांगा गोल जुळतात आणि साधारण २५ नॅनोमीटर जाडीची नळी होते. ह्या नळ्या म्हणजे लग्नाचा मांडव समजा. पेशी दुभंगायच्या वेळी मांडव घालायचा, त्याच्या आधाराने गुणसूत्रं दोन्ही बाजूंना ओढायची, काम झालं की सोडून वासे परत ठेवायचे. घालणं आणि सोडणं दोन्ही झटपट व्हायला लागतं. मिचिसन आणि कर्शनर ह्यांनी १९८४ साली दाखवलं की एकेक नळी स्वस्थ बसतच नाही, हळूहळू वाढते आणि अचानक कोसळते.

सदाफुलीतली औषधं वासे उभेच राहू देत नाहीत. पॅक्लिटॅक्सेल उलटं करतं, गाठी इतक्या घट्ट मारतं की मांडव सुटत नाही. हे १९७९ साली सुझन हॉर्विट्झ ह्यांनी दाखवलं. तोवर अशा औषधांनी नळ्या मोडतात एवढंच ठाऊक होतं, त्यामुळे तेव्हा मोठंच आश्चर्य वाटलं होतं.

शेवग्याची_शेंग | १३ मार्च, सकाळी ९:२०

मांडवाचं उदाहरण झकास. पण मग बोटांत कुठे लग्न लागतंय? बोटातल्या नसा तर काही सारख्या दुभंगत नाहीत ना?

कातळफूल | १३ मार्च, दुपारी १:१५

शेंगताई, अगदी नेमकं विचारलंत.

प्रयोगासाठी ट्युब्युलिन लागायचं. ते आणायला मी पहाटे पाचला थर्मोकोलचा डबा आणि बर्फ घेऊन कत्तलखान्यात जायचो. खाटीकदादांना आधी सांगून ठेवलेलं असायचं. बकऱ्याचा ताजा भेजा, अजून कोमट, थेट बर्फात. टॅक्सीत डबा मांडीवर. प्रयोगशाळेत पोचल्यावर आधी वरची पातळ त्वचा आणि रक्तवाहिन्या चिमट्याने सोलून काढायच्या, गार बफरमध्ये सगळं वाटायचं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. वर राहणारं पाणी ३७ अंशांवर ठेवलं की ट्युब्युलिनच्या नळ्या जमतात. त्या खाली बसवायच्या आणि बर्फात ठेवायच्या, म्हणजे परत सुटतात. पुन्हा ऊब, पुन्हा बर्फ. दर फेरीत जास्त शुद्ध. शेवटी क्युव्हेटमध्ये (छोट्या पारदर्शक नळीत) भरून यंत्रात ठेवायचं आणि गढूळपणा वाढतो का ते बघायचं. नवीन संयुग घातल्यावर गढूळपणा आलाच नाही, तर ते सदाफुलीच्या वाटेचं. टॅक्सॉल, म्हणजे आईचं पॅक्लिटॅक्सेलच, घातलं तर बर्फात ठेवूनही पाणी निवळत नाही. तो आलेख पहिल्यांदा आडवाच राहिलेला बघितला तेव्हा मी एकटा होतो, आणि सांगायला कोणी नव्हतं म्हणून वॉचमनकाकांना सांगितलं.

पण भेजाच का? यकृत का नाही, मांस का नाही? कारण ट्युब्युलिन सगळ्यात जास्त तिथे असतं. मज्जापेशी ह्या नळ्यांनी गच्च भरलेल्या असतात. कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत जाणारा मज्जातंतू जवळजवळ मीटरभर लांब, आणि त्याला लागणारा माल कण्याजवळच्या पेशीत तयार होतो. तो ह्याच नळ्यांच्या रुळांवरून टोकापर्यंत वाहून न्यावा लागतो. दुभंगण्याशी संबंधच नाही. रूळ बिघडले की सगळ्यात लांबच्या स्टेशनाला माल आधी बंद होतो. म्हणून पायाची बोटं, मग हाताची. आईच्या हातातून कळी निसटली ती त्यामुळे.

गाठीतलं आणि नसेतलं ट्युब्युलिन जवळजवळ सारखंच. ह्या विषयातलं सगळं संशोधन ह्या एका अडचणीभोवती फिरतं.

खानदेशी_ठेचा | १३ मार्च, दुपारी २:०२

भेजा मांडीवर घेऊन टॅक्सीने जाणारा माणूस आपल्या धाग्यावर आहे! टॅक्सीवाल्याने डब्यात काय आहे विचारलं नाही का कधी? :)

टॅक्सॉलचा विषय निघालाच आहे तर आमच्या नंदुरबारचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. मनसुख वाणी मूळचे नंदुरबारचे, जन्म १९२५. मुंबई विद्यापीठात शिकले, पुढे अमेरिकेत गेले. त्यांनी आणि मन्रो वॉल ह्यांनी पॅसिफिक यू झाडाच्या सालीतून टॅक्सॉल वेगळं काढलं आणि १९७१ साली त्याची रचना जाहीर केली. २०२० साली वारले. आमच्या गावात शाळेतल्या मुलांना विचारलं तर कोणाला हे नाव सांगता येत नाही, ह्याची मला खंत आहे.

कातळफूल | १३ मार्च, दुपारी २:४०

एकाने विचारलं होतं. 'मटण' म्हणालो, तो म्हणाला रविवारशिवाय कोण आणतं!

वाणींची आठवण काढलीत ते फार बरं केलंत.

रानवाटा | १३ मार्च, रात्री ८:३०

कातळफूल, वाचून समाधान झालं. आमच्या घाटात नरक्याचं झाड आहे, त्यातूनही कॅन्सरचं औषध निघतं. त्याच्या लाकडाची चोरटी तोड इतकी झाली की जुनी झाडं शोधावी लागतात. तेही ट्युब्युलिनवरचंच का?

कातळफूल | १३ मार्च, रात्री ९:१०

नाही, नरक्यातलं कॅम्प्टोथेसिन वेगळं. डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज नावाच्या विकराला ते अडकवतं. पण गंमत बघा, तेही पहिल्यांदा वॉल आणि वाणी ह्यांनीच काढलं, १९६६ साली, एका चिनी झाडातून. त्याच्यावरून बेतलेली टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधं १९९६ साली अमेरिकेत बाजारात आली. नरक्याच्या चोरीमागे हीच मागणी आहे.

तुमच्या आजीची कळलावी मात्र शंभर टक्के ट्युब्युलिनवरची. तिच्यात कोल्चिसिन असतं. खरं तर ट्युब्युलिन सापडलं तेच कोल्चिसिनमुळे. पेशीत कोल्चिसिन नेमकं कशाला चिकटतं हे शोधताना हे प्रथिन हाती लागलं आणि १९६८ साली त्याचं 'ट्युब्युलिन' असं बारसं झालं. पण कर्करोगावर कोल्चिसिन वापरत नाहीत, कारण गुण येणारी आणि जीव घेणारी मात्रा फार जवळजवळ आहेत. गाऊटवर डॉक्टर देतात ती अर्ध्या मिलिग्रॅमची चिमुकली गोळी. कळलावीचा कंद खाऊन माणसं दगावलेली आहेत. पावसाळ्यात कुंपणावर फुललेली बघावी, डोळे निवतात, पण लहान मुलांना कंदापासून लांब ठेवा.

कोल्चिसिन बसतं त्याच खोबणीत बसणारी दुसरी द्रव्यं शोधायचे प्रयत्न चालू असतात. आफ्रिकेतल्या एका झाडातून काढलेलं कॉम्ब्रेटास्टॅटिन तसलंच, गाठीच्या रक्तवाहिन्याच ते कोलमडवतं. त्याच्यापासून केलेल्या औषधावर खूप वर्षं चाचण्या झाल्या, पण मान्यता मिळाली नाही. ते झाड आपल्या ऐन, किंजळ आणि उक्षीच्या कुळातलं.

कुळीथपिठी | १४ मार्च, सकाळी ६:४५

ड्युटी संपली, आता पानांचं सांगते.

व्हिनक्रिस्टिन हे सदाफुलीतलंच औषध. ते मोठ्या माणसालाही एका वेळी साधारण २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. दोन मिलिग्रॅम! मिठाचे थोडे कण हातावर घ्या, तेवढं. आणि ते मिळवायला ढिगांनी सुकी पानं लागतात, शेकडो किलोंतून एखादा ग्रॅमही मुश्किलीने. सात पानांत त्यातलं काय असणार? मात्र त्या पानांत शंभरावर इतर अल्कलॉइड्स (झाडातली जहाल द्रव्यं) आहेत. कुठलं रक्तदाब उतरवतं, कुठलं अजून काही करतं. पॅक्लिटॅक्सेलचा निचरा यकृतातून होतो. तिथे ह्या रसाने काय गडबड होईल ते कोणी मोजलेलं नाही. पांढऱ्या पेशी आधीच कमी, त्यात कच्च्या पानांचा जंतुसंसर्ग वेगळाच.

मी व्हिनक्रिस्टिन सिरिंजमध्ये भरत नाही, सलाइनच्या छोट्या पिशवीतच भरते. ते फक्त शिरेतून द्यायचं असतं. चुकून पाठीच्या कण्यात गेलं तर माणूस सहसा वाचत नाही, आणि पिशवी कोणी कण्यात टोचायला घेणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही हेच सांगितलंय. प्रत्येक पिशवीवर मी लेबल दोनदा वाचते, मग सहकारी वाचते. ल्युकेमिया झालेली कितीतरी पोरं ह्या औषधाच्या जोरावर बरी होऊन शाळेत जातात. सदाफुलीवर माझा जीव आहे तो असा, आणि म्हणूनच तिचा रस मला चालत नाही. काकींना हे माझ्या नावाने सांगा.

पिठलंभाकर | १४ मार्च, सकाळी १०:१५

हळदीचं काय? माझ्या वहिनीला सगळे हळदीच्या कॅप्सूल घे म्हणतात. हळद ट्युब्युलिनवर काम करते असं वाचलं.

कातळफूल | १४ मार्च, दुपारी १२:३०

परीक्षानळीत करते. आयआयटी मुंबईत दुलाल पांडा ह्यांच्या प्रयोगशाळेने २००६ साली दाखवलं की कर्क्युमिन ट्युब्युलिनला चिकटून नळ्या जमण्यात अडथळा आणतं. काम चोख आहे. पण खाल्लेलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं. क्युव्हेट आणि माणूस ह्यांच्यामध्ये आतडं आहे, यकृत आहे. आमटीतली हळद खुशाल खा, कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

कुर्ली_खडपातली | १४ मार्च, रात्री ९:००

मी मालवणची. ओहोटीला खडपात आम्ही समुद्री ससे बघतो, हात लावला की जांभळी शाई सोडतात. त्यांच्यापासूनही कॅन्सरचं औषध केलंय असं ऐकलेलं. कोणी सांगेल का?

कातळफूल | १४ मार्च, रात्री १०:२०

हो! डोलाबेला नावाचा समुद्री ससा, हिंद महासागरातलाच. त्यातून जॉर्ज पेटिट ह्यांच्या गटाने डोलास्टॅटिन काढलं, ढीगभर प्राण्यांतून जेमतेम काही मिलिग्रॅम. पुढे कळलं की ते ससा बनवतच नाही, तो खातो त्या सूक्ष्म शेवाळासारख्या जिवाणूंत ते असतं. इतकं जहाल की नुसतं देता येईना. मग रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्यासारखाच रेणू तयार करून तो अँटिबॉडीला जोडला. अँटिबॉडी पत्ता शोधत जाते, कर्कपेशीच्या दारावर बसते, आत घेतली गेली की विष सुटतं. ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन, २०११ साली हॉजकिन लिम्फोमा ह्या कर्करोगासाठी मान्य झालं. जपानच्या किनाऱ्यावरच्या स्पंजातून हॅलिकॉन्ड्रिन मिळालं, त्यावरून बेतलेलं एरिब्युलिन २०१० साली स्तनाच्या कर्करोगासाठी आलं.

बोटांचा प्रश्न अजून संपलेला नाही, हेही सांगायला हवं. व्हेडोटिननेही बोटं बधिर होतात, पार्सल घेऊन जातानाही थोडं सांडतंच. पण दिशा तीच आहे, विष नसेपर्यंत पोचूच द्यायचं नाही. गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आपल्या किनाऱ्यावरच्या समुद्री जीवांतली द्रव्यंही तपासली जातात. आपल्या खडपात काय दडलंय ते आपल्या मुलांनी शोधावं असं मला मनापासून वाटतं. कुर्लीताई, ससे दिसले की फोटो काढा, उचलून आणू नका.

शेवग्याची_शेंग | १५ मार्च, सकाळी ८:१०

सगळं छान चाललंय, पण आरवलीताईंच्या आईचं काय झालं? ताई, आहात ना?

कुळीथपिठी | १५ मार्च, दुपारी ३:००

मीही वाट बघतेय. ताई, डॉक्टरांना हे विचारा: डोस कमी करता येईल का, एखादा आठवडा थांबता येईल का. इंजेक्शन चालू असताना गार हातमोजे घालायची सोय काही ठिकाणी असते, काही रुग्णांना त्याने फरक पडतो. दुखत असेल तर ड्युलोक्सेटिन देतात, नुसत्या बधिरपणावर त्याचा फारसा उपयोग नाही. आणि घरी गरम तवा, विळी, आंघोळीचं पाणी सांभाळा. बधिर हाताला चटका कळत नाही.

आरवली_किनारा | ९ एप्रिल, रात्री १०:१५

उशिरा येतेय, माफ करा. धागा आईला सगळा वाचून दाखवला. भेज्याचं वाचताना म्हणाली, "तेवढा झील पाचाक उठून जाय, धन्य त्येची."

फोन केल्यावर डॉक्टरांनी लगेच बोलावलं. सुई आणि कापूस घेऊन बोटं तपासली. नववा डोस एक आठवडा पुढे ढकलला, नंतरचे कमी मात्रेने दिले. आता एकच राहिलाय. रसाचं सांगितल्यावर रागावले नाहीत, रक्त तपासलं, यकृत ठीक आहे. मी कागदाबद्दल स्पष्ट बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, आणि पुढच्या वेळी गेलो तर नर्सबाई बाकावरच्या प्रत्येकीला विचारत होत्या, बटण लावता येतं का, चप्पल पायात राहते का.

काकींना कुळीथपिठीताईंचं वाचून दाखवलं. दोन मिलिग्रॅमवर त्या गप्प झाल्या. आता रोज सकाळी नाचणीची आंबील घेऊन येतात.

बोटं अजून बधिरच आहेत. वाढलं नाही एवढंच. सुरंगी संपत आली. ह्या वर्षी कळ्या आई निवडते आणि मी ओवते, माझे वळेसर सैल होतात म्हणून ती रोज बोलते.

मालवणी_पेज | ९ एप्रिल, रात्री १०:४०

बोलांदे. सैल वळेसर चलता. शेवटचो डोस झालो की हयसर येवन सांग.